हक्क की सवलत? अलेक्झांड्रियातल्या ज्यूंची गोष्ट

आज आपण अलेक्झांड्रियाला जाणार आहोत. या शहराचं ग्रंथालय, दीपस्तंभ, क्लिओपात्रा हे सगळं आपण पुष्कळदा ऐकलेलं असतं. ते आज थोडं बाजूला ठेवू आणि एका साध्या अर्जापासून सुरुवात करू.

इसवी सनापूर्वी ५ किंवा ४ हे वर्ष. साठी ओलांडलेला हेलेनॉस नावाचा एक माणूस इजिप्तच्या रोमन सुभेदाराला, गायस तुरानियसला, अर्ज करतोय. म्हणणं असं : माझे वडील या शहराचे नागरिक होते, मी जन्मभर इथेच राहिलो, वडिलांच्या ऐपतीप्रमाणे शिक्षणही घेतलं, आणि आता माझं स्वतःचं गावच माझ्याकडून हिरावलं जाण्याची वेळ आली आहे. मामला आहे डोईपट्टीचा, म्हणजे माणशी बसणाऱ्या कराचा. आपल्या हाती आलाय तो या अर्जाचा कच्चा मसुदा. पुढे तो रद्दीत गेला, ममीच्या वेष्टनासाठी जुने पपायरस वापरत त्यात गेला, आणि म्हणूनच वाचला. आज तो बर्लिनमध्ये आहे.

या मसुद्यात एक खाडाखोड आहे, आणि आजचं सगळं व्याख्यान त्या खाडाखोडीवर आहे म्हणा ना. अर्जदाराच्या नावापुढे आधी लिहिलं होतं ‘अलेक्झांड्रियन’. तो शब्द खोडलाय. त्याच्या जागी लिहिलंय ‘अलेक्झांड्रियातला ज्यू’.

वरवर पाहिलं तर फरक काय? माणूस तोच, शहर तेच. पण त्या काळच्या कायद्यात हे दोन वेगवेगळे दर्जे होते. ‘अलेक्झांड्रियन’ म्हणजे शहराचा नोंदलेला नागरिक. ‘अलेक्झांड्रियातला’ म्हणजे नुसता तिथे राहणारा. या फरकामुळे आधी कर बसला. आणि चाळीसेक वर्षांनी त्याच शहरात, त्याच फरकाच्या आधाराने, माणसं रस्त्यावर जाळली गेली. हे कसं झालं, ते आज आपल्याला समजून घ्यायचं आहे.

आधी शहर पाहू. इ.स.पू. ३३१ मध्ये सिकंदराने ते वसवलं. त्याच्यामागे टॉलेमी घराण्याने ते राजधानी म्हणून वाढवलं. शहराच्या पाच पेठा होत्या आणि त्यांना ग्रीक वर्णमालेतल्या पहिल्या पाच अक्षरांची नावं होती : आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन. फिलो नावाचा जो ज्यू तत्त्वज्ञ आज आपला मुख्य साक्षीदार आहे, तो सांगतो की यांतल्या दोन पेठा ज्यूंच्या म्हणून ओळखल्या जात, कारण तिथे त्यांची वस्ती जास्त होती. पण बाकीच्या पेठांतही ते राहत. म्हणजे वेगळी कोंडलेली वस्ती नव्हती, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

हे ज्यू तिथे आले कसे? काही युद्धकैदी म्हणून, काही टॉलेमींच्या सैन्यात शिपाई म्हणून, काही व्यापारासाठी. दोन-तीन पिढ्यांत ते ग्रीक बोलू लागले, इतके की धर्मग्रंथ वाचायला त्यांना ग्रीक भाषांतर लागलं. हिब्रू बायबलच्या ग्रीक भाषांतराची सुरुवात याच शहरात झाली. नावंसुद्धा ग्रीक. आपला हेलेनॉस पाहा, त्याच्या बापाचं नाव त्रिफॉन. पण सणवार, खाणंपिणं, शनिवारची सुट्टी हे सगळं आपलं आपलं. आपल्या कोकणातले बेने इस्रायल मराठी बोलत, पण शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. भाषा शेजाऱ्यांची आणि शनिवार आपला, हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

आता कायद्याकडे येऊ. टॉलेमींच्या राज्यात या लोकांचा दर्जा काय होता?

इथे एक गोष्ट आधी डोक्यातून काढून टाकावी लागते. आज आपण म्हणतो की एका देशात एकच नागरिकत्व, सगळ्यांना सारखं. प्राचीन जगात तसं नव्हतं. अलेक्झांड्रियात राहणारा प्रत्येक जण अलेक्झांड्रियाचा नागरिक नव्हता. नागरिक व्हायचं तर आईवडील नागरिक हवेत, नाव नागरिकांच्या गटात नोंदलेलं हवं, आणि व्यवहारात त्याचा दरवाजा होता जिम्नेशियम. जिम्नेशियम म्हणजे नुसती तालीम नव्हे. तिथे व्यायाम होता, शिक्षण होतं, देवांचे उत्सव होते, आणि तिथून तयार होऊन बाहेर पडलेला मुलगा शहराचा पूर्ण नागरिक मानला जाई.

या नागरिकांच्या खाली बाकीचे. त्यांत नोंदणी नसलेले ग्रीक, सीरियन, ज्यू असे किती तरी. आणि सगळ्यात खाली खुद्द इजिप्शियन, ज्यांचा देश होता ते.

ज्यूंसाठी टॉलेमींनी यातून एक वाट काढली होती. ग्रीकमध्ये तिला ‘पोलितेउमा’ म्हणतात. आपण ‘स्वायत्त समाज’ म्हणू. स्वतःचे पुढारी, स्वतःची सभा, आपसांतले तंटे आपल्या रीतीप्रमाणे सोडवण्याची मुभा. इजिप्तमधल्याच हेराक्लिओपोलिस गावच्या अशा ज्यू समाजाची कागदपत्रं २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. इ.स.पू. दुसऱ्या शतकातली ती वीस कागदपत्रं आहेत. त्यांत लोक आपल्या ज्यू पुढाऱ्यांकडे कर्जाच्या, लग्नाच्या, फसवणुकीच्या तक्रारी घेऊन आलेले दिसतात. थोडक्यात, आपल्याकडच्या जातपंचायतीसारखं, पण राजाने मान्य केलेलं. अलेक्झांड्रियातही ज्यूंचा स्वतःचा प्रमुख होता. तो न्याय देई, करारांची व्यवस्था पाही, असं भूगोलकार स्ट्रेबोने लिहिल्याचं जोसेफस नमूद करतो.

मग हे लोक नागरिक होते की नव्हते? जोसेफस ठासून सांगतो, सिकंदरानेच त्यांना ग्रीकांच्या बरोबरीचे हक्क दिले. आजचे बहुतेक इतिहासकार हे जसंच्या तसं स्वीकारत नाहीत. काही थोडे ज्यू व्यक्तिशः नागरिक झाले असतील. पण समाज म्हणून त्यांच्याकडे होती ती राजाने दिलेली मोकळीक. आपल्या रीतीने राहण्याची परवानगी. ती मोठी होती, पिढ्यान्‌पिढ्या चालली. पण हक्क आणि सवलत यांत फरक असतो. हक्क तुमचा असतो. सवलत देणाऱ्याची असते.

आणि खरं सांगायचं तर दोनशे-अडीचशे वर्षं हा प्रश्न कोणी धसाला लावलाच नाही. राजाला शिपाई हवे होते, कर वेळेवर हवा होता. ‘तुम्ही नक्की कोण’ हे एका ओळीत लिहून द्यायची वेळ आली नव्हती.

ती वेळ रोमनांनी आणली. इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्राचा पराभव झाला, इजिप्त ऑगस्टसच्या हाती आला. रोमन कारभाराची पद्धत वेगळी. त्यांनी माणसांची मोजदाद केली आणि डोईपट्टी बसवली. इजिप्तमधल्या पुरुषांनी साधारण चौदाव्या वर्षापासून साठी उलटेपर्यंत ती दरवर्षी भरायची. रोमन नागरिकांना माफ. अलेक्झांड्रियाच्या नागरिकांना माफ. बाकीच्यांवर लागू.

आता या कराचा अर्थ पाहा. पैसा जाई हे तर झालंच. पण डोईपट्टी भरणारा म्हणजे इजिप्शियनांच्या रांगेतला, जिंकलेला माणूस, असा तो शिक्का होता. इजिप्तच्या माणसाला रोमन नागरिक व्हायचं तर आधी अलेक्झांड्रियाचा नागरिक व्हावं लागे. प्लिनीसारख्या बड्या अधिकाऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं. आपल्यावर उपचार करणाऱ्या हार्पोक्रास नावाच्या एका इजिप्शियनाला त्याने सम्राट ट्राजनकडून रोमन नागरिकत्व मिळवून दिलं, आणि मग त्याला कळलं की मधली पायरी राहिली. त्यासाठी त्याला पुन्हा लिहावं लागलं. म्हणजे अलेक्झांड्रियाचं नागरिकत्व ही वर जायची एकमेव शिडी होती.

आता ज्यू कुठे बसतात? ते इजिप्शियन नाहीत, हे नक्की. नागरिकांच्या यादीत बहुतेकांचं नाव नाही, हेही नक्की. टॉलेमींच्या काळात मधली जागा होती. रोमन नोंदवहीत रकाने ठरलेले होते. हेलेनॉसच्या अर्जातली खाडाखोड इथे समजते. त्याला कराच्या वेळी प्रथमच विचारलं गेलं, तू कोणत्या रकान्यातला? बापाच्या आधारावर त्याने एक उत्तर लिहिलं, आणि कागदावर ते टिकलं नाही.

एक मात्र खरं. ऑगस्टसने ज्यूंच्या धार्मिक रीतींना हात लावला नाही, उलट संरक्षण दिलं. त्यांच्या प्रमुखाच्या जागी पुढे ज्येष्ठांची सभा कारभार पाहू लागली. त्यामुळे पन्नासेक वर्षं समतोल कसाबसा टिकला.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाही तर पुढचं कळणार नाही. अलेक्झांड्रियाचे ग्रीक नागरिक या काळात दुखावलेले होते. काल राजधानी, आज रोमचा एक सुभा. स्वतःची नगरसभा मागत होते, रोम देत नव्हता. ती मिळायला इ.स. २०० उजाडावं लागलं. त्यांच्या हाती उरलं काय, तर जिम्नेशियम आणि नागरिकत्वाची यादी. आणि त्या यादीत ज्यू शिरू पाहतात, शिवाय रोमन सम्राट त्यांना पाठीशी घालतो, असं त्यांना वाटे. रोमवर राग काढता येत नव्हता. शेजाऱ्यावर काढता येत होता.

आता येऊ इ.स. ३८ कडे. इथे एक सावधगिरी. या वर्षाची सविस्तर हकीकत आपल्याला जवळजवळ सगळी फिलोकडून मिळते. तो पीडित समाजाचा पुढारी आहे, म्हणजे पक्षकार आहे. काही ठिकाणी तो रंग चढवतो. पण मुख्य घटनाक्रमाबद्दल इतिहासकारांमध्ये फारसा वाद नाही.

रोमन सुभेदार होता अ‍ॅव्हिलियस फ्लॅकस. इ.स. ३२ पासून तो पदावर होता आणि सुरुवातीची वर्षं कारभार चांगला होता, हे फिलोसुद्धा कबूल करतो. पण ३७ मध्ये सम्राट तिबेरियस वारला आणि कॅलिग्युला गादीवर आला. फ्लॅकस पडला तिबेरियसच्या गोटातला. रोममधले त्याचे आधार एकेक करून मारले गेले. घाबरलेला अधिकारी फार धोकादायक असतो. शहरातल्या ग्रीक पुढाऱ्यांनी हे हेरलं. इसिडोरस, लॅम्पॉन, डायोनिसियस ही त्यांची नावं. फिलोच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी सौदा केला : शहर तुझ्या बाजूने उभं राहील, तू ज्यूंना सोडून दे.

ऑगस्टमध्ये ठिणगी पडली. हेरोदचा नातू अग्रिप्पा, ज्याला कॅलिग्युलाने नुकतंच राजा केलं होतं, अलेक्झांड्रियात उतरला. ज्यूंचा राजा या शहरात मिरवतो, हे ग्रीकांना सहन झालं नाही. त्यांनी कॅराबास नावाच्या एका बिचाऱ्या वेड्याला जिम्नेशियममध्ये उभं केलं. पपायरसचा मुकुट, अंगावर चटईची शाल, हातात पपायरसच्या काडीचा राजदंड. आणि सीरियन भाषेत ‘मारिन, मारिन’, म्हणजे ‘महाराज, महाराज’ असा गजर. सुभेदाराने कोणालाही अडवलं नाही. जमावाला जे समजायचं ते समजलं.

पुढची मागणी आली की ज्यूंच्या प्रार्थनागृहांत सम्राटाचे पुतळे बसवा. ही मागणी धूर्त होती. मान्य केली तर धर्म गेला, नाकारली तर राजद्रोह. काही प्रार्थनागृहं जाळली, उरलेल्यांत पुतळे घुसवले.

आणि मग निघाला फ्लॅकसचा जाहीरनामा. त्यात ज्यूंना शहरातले परके आणि उपरे ठरवलं होतं. तीनशे वर्षं जिथे पिढ्या गेल्या तिथे एका कागदाने ते बाहेरचे झाले. क्रम लक्षात घ्या. सगळ्यात भयंकर हिंसा या जाहीरनाम्यानंतर झाली. आधी कायद्याने माणूस परका केला आणि मग जमावाला मोकळं रान मिळालं.

पाच पेठांत पसरलेल्या ज्यूंना हाकलून एकाच पेठेच्या एका छोट्या भागात कोंबलं. मघाशी म्हटलं होतं ना, की कोंडलेली वस्ती नव्हती. ती अशी तयार झाली. रिकामी घरं लुटली. कॅलिग्युलाची बहीण ड्रुसिला वारल्यामुळे दुकानं दुखवट्यात बंद होती, ती फोडली. कोंडलेल्या जागेत लोक मावेनात. ते समुद्रकाठी, उकिरड्यांवर, कबरींमध्ये राहू लागले. खायला काही आणायला बाजारात गेला तो जमावाच्या हाती सापडला. दगडांनी ठेचून, फरपटत नेऊन, जाळून लोक मारले. कुटुंबंच्या कुटुंबं शहराच्या मध्यभागी जाळल्याचं फिलो लिहितो. बायकांना पकडून आणून डुकराचं मांस पुढे ठेवायचे. नाकारलं की छळ.

त्यानंतरचा एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात बोलका आहे. फ्लॅकसने ज्यूंच्या ज्येष्ठ सभेतल्या ३८ जणांना पकडलं आणि बेड्या घालून बाजारातून नाट्यगृहात नेलं. तिथे, ३१ ऑगस्टला, सम्राटाच्या वाढदिवशी, सगळ्या गर्दीसमोर कपडे काढून त्यांना फटके मारले. काही जण तिथेच मेले. फिलो इथे थांबून एक तपशील सांगतो. त्या शहरात फटक्यांचीही प्रतवारी होती. अलेक्झांड्रियाच्या नागरिकाला शिक्षा द्यायची तर चपट्या पट्टीने. इजिप्शियनाला चाबकाने. आजवरचे सुभेदार साध्यासुध्या ज्यूलासुद्धा पट्टीनेच मारत आले होते. आणि आता त्यांच्या ज्येष्ठांना मारलं चाबकाने.

आपल्याला वाटेल, माणसं मरतायत आणि हा हत्याराचा हिशोब काय मांडतोय? पण फिलोला कळलं होतं की इथे नुसती शिक्षा होत नव्हती, एक दर्जा जाहीर होत होता. कागदावरची जी ओळ अस्पष्ट होती, ती त्या दिवशी पाठीवर लिहिली गेली : तुम्ही आमच्यातले नाही, तुम्ही त्यांच्यातले.

शरद ऋतूत एक आश्चर्य घडलं. रोमहून एक तुकडी आली आणि फ्लॅकसलाच पंगतीतून उचलून घेऊन गेली. ज्यूंचा मंडपाचा सण चालू होता, पण त्या वर्षी मंडप घालायला जागाच नव्हती. रोममध्ये फ्लॅकसवर आरोप करायला उभे कोण राहिले? इसिडोरस आणि लॅम्पॉन, त्याचेच कालचे मित्र. त्याला अँड्रोस बेटावर पाठवलं आणि तिथेच मारलं. पण ज्यूंच्या दर्जाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

तो सोडवून घ्यायला दोन शिष्टमंडळं रोमला गेली. ज्यूंचा म्होरक्या फिलो. ग्रीकांकडून इसिडोरस आणि विद्वान अपियन. फिलोचं घराणं साधं नव्हतं. त्याचा भाऊ अलेक्झांडर जकात खात्यातला बडा अधिकारी. जेरुसलेमच्या मंदिराच्या दरवाजांना सोन्याचांदीचा पत्रा त्याने दिला होता. त्याचा एक मुलगा मार्कस तांबड्या समुद्रातल्या बंदरांवरच्या व्यापारात होता, असं तिथल्या खापरांवरच्या नोंदींवरून अभ्यासक मानतात. हीच ती बंदरं, जिथून जहाजं भडोच, सोपारा, कल्याणकडे येत. पैसा होता, ओळखी होत्या, विद्या होती. एवढं असूनही त्यांना शहरात राहण्याचा आपला अधिकार सिद्ध करावा लागत होता.

भेट झाली इ.स. ४०च्या सुमारास, रोममधल्या बागांमध्ये. कॅलिग्युला नवे महाल पाहत पुढे चालला आहे, दोन्ही शिष्टमंडळं मागे धावतायत. मध्येच तो विचारतो, तुम्ही डुकराचं मांस का खात नाही? ग्रीक मंडळी हसतात. मग तो खरा प्रश्न विचारतो : नागरिकत्वाबद्दल तुमचा दावा कोणत्या आधारावर आहे? फिलो आणि सोबती उत्तर द्यायला लागतात, तोवर सम्राट पुढच्या दालनात गेलेला असतो आणि खिडक्यांना कोणते पारदर्शक दगड बसवायचे ते सांगत असतो. हजारो माणसांचा जीव ज्या प्रश्नावर अवलंबून, तो विचारला गेला, पण उत्तर ऐकायला कोणी थांबलं नाही. त्याच सुमारास कॅलिग्युलाने जेरुसलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवायचा हुकूम दिल्याची बातमी आली. तिथल्या सुभेदाराने, पेट्रोनियसने, चालढकल केली म्हणून ते टळलं. २४ जानेवारी ४१ रोजी कॅलिग्युलाचा खून झाला.

बातमी पोचताच अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी हत्यारं उचलली. हेही सांगितलं पाहिजे. ३८ मध्ये झडतीत त्यांच्या घरांत शस्त्रं सापडली नव्हती, असं फिलो सांगतो. तीन वर्षांनी ती होती.

नवा सम्राट क्लॉडियस. त्याने दोन्ही बाजूंना उद्देशून एक पत्र पाठवलं. १० नोव्हेंबर ४१ रोजी सुभेदाराने ते शहरात जाहीर केलं. त्याची नक्कल आपल्याकडे आहे. ती मिळाली फायूम भागातल्या फिलाडेल्फिया गावात, नेमेसिऑन नावाच्या कर गोळा करणाऱ्याच्या दप्तरात. डोईपट्टी वसूल करणाऱ्या माणसाने हे पत्र जपून ठेवलं होतं, हेही काही कमी बोलकं नाही. १९२४ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

क्लॉडियस म्हणतो काय? ग्रीकांना बजावतो : हे लोक फार पूर्वीपासून तुमच्या शहरात राहतात, त्यांच्याशी नीट वागा, ऑगस्टसच्या काळी जशा त्यांच्या रीती पाळू दिल्या तशा पाळू द्या. इथवर वाचलं की वाटतं, न्याय मिळाला. मग तो ज्यूंकडे वळतो. पूर्वी होतं त्याहून जास्त मागू नका. जिम्नेशियमच्या स्पर्धांत शिरू नका. सीरियाहून किंवा इजिप्तमधून आणखी ज्यू शहरात आणू नका. आणि मुख्य म्हणजे तो सांगतो की तुम्ही एका अशा शहरात सुखाने राहताय, जे तुमचं नाही. ऐकलं नाही तर तुम्हाला साऱ्या जगाची साथ पसरवणारे समजून वागवीन, अशी धमकीही आहे.

जोसेफसने याच सम्राटाचा जो हुकूम दिला आहे, त्यात ज्यूंना सुरुवातीपासून बरोबरीचे हक्क होते असं लिहिलंय. त्या प्रतीवर नंतर कोणाचा तरी हात फिरला असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पपायरसवर आहे ती सरकारी जाहीरनाम्याची त्याच काळातली नक्कल.

तर हा निवाडा पाहा. संरक्षण दिलं, आणि दरवाजा बंद केला. जीवाला धक्का लागणार नाही, पण शहर तुमचं नाही. क्लॉडियस काही ज्यूंचा वैरी नव्हता. त्याला शांतता हवी होती आणि त्याने शांततेचा सोपा मार्ग घेतला : सवलत चालू, हक्क नाही. पुढे इसिडोरस आणि लॅम्पॉन यांना मृत्युदंड झाला. त्यांच्या खटल्याची जी निम्मी-कल्पित हकीकत ग्रीकांमध्ये फिरत राहिली, तिच्यात इसिडोरसचा मुद्दा हाच आहे, की ज्यू आमच्यासारखे नव्हेत, ते डोईपट्टी भरणाऱ्यांच्या पंक्तीतले. म्हणजे माणसं गेली, वाद उरला.

पुढचं थोडक्यात सांगतो. इ.स. ६६ मध्ये यहुदियात रोमविरुद्ध बंड पेटलं, त्याच वेळी अलेक्झांड्रियाच्या रंगमंडलात सभेदरम्यान दंगल झाली. ज्यूंना हेर म्हणून पकडलं, तिघांना जिवंत जाळायला नेलं. ज्यू सूड घ्यायला धावले. त्या वेळी सुभेदार होता तिबेरियस ज्युलियस अलेक्झांडर. कोण हा? फिलोचा सख्खा पुतण्या, मार्कसचा भाऊ. जन्माने ज्यू, धर्म मागे टाकून रोमन सेवेत चढत गेलेला. त्याने आधी समजावलं, मग दोन लीजन डेल्टा पेठेत सोडल्या. जोसेफस ५० हजार मृतांचा आकडा देतो. प्राचीन लेखकांचे आकडे फुगलेले असतात, पण कत्तल झाली यात शंका नाही. ज्या घरातून काका हक्क मागायला रोमला गेला, त्याच घरातला पुतण्या सैन्य घेऊन त्या पेठेत शिरला. एका घरासमोर दोनच वाटा होत्या : सवलतीवर राहा, किंवा आपलं सगळं सोडून वर चढा. घराण्याने दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं. मंदिराला दरवर्षी जी वर्गणी जाई, ती आता रोमच्या ज्युपिटरच्या नावाने कर म्हणून घेतली जाऊ लागली. इजिप्तमध्ये बायकांवर आणि तीन वर्षांच्या मुलांवरही तो होता. म्हणजे आता ज्यू असणं हाच एक रकाना झाला. ११५ ते ११७ मध्ये लिबिया, इजिप्त, सायप्रसमध्ये ज्यूंचा उठाव झाला. त्यातही अत्याचार दोन्हीकडून झाले आणि सम्राट ट्राजनच्या फौजांनी तो चिरडला. अलेक्झांड्रियाचं मोठं सिनेगॉग या काळात गेलं. ते इतकं मोठं होतं की मागच्या लोकांना ‘आमेन’ कधी म्हणायचं ते कळावं म्हणून फडकं हलवत, अशी आठवण ज्यू परंपरेने जपली आहे. उठावानंतर इजिप्तच्या कागदपत्रांतून ज्यूंची नावं जवळजवळ नाहीशी होतात. ऑक्सिऱ्हिंकस गावात मात्र ज्यूंवरच्या विजयाचा उत्सव ८० वर्षांनंतरही साजरा होत होता.

शेवटी एक वर्ष सांगून थांबू. इ.स. २१२. सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमन नागरिक केलं. हेलेनॉसने ज्यासाठी अर्ज केला होता, फिलो ज्यासाठी बागेत सम्राटामागे धावला होता, त्याहून मोठी गोष्ट एका हुकुमाने सगळ्यांना मिळाली. पण तोवर त्या पेठांत ती घ्यायला फार थोडे ज्यू उरले होते.

म्हणून आपण पुन्हा त्या खोडलेल्या शब्दाकडे येतो. तिथे कोणी तलवार उपसली नव्हती. कराचा एक किरकोळ मामला होता, एका म्हाताऱ्याची तक्रार होती. फ्लॅकसला ३८ मध्ये नवं काही शोधावं लागलं नाही. ज्यांचं स्थान राजाच्या मर्जीवर होतं, त्यांना परकं ठरवायला एक जाहीरनामा पुरला. त्यामुळे छळाचा इतिहास वाचताना आपण दंगलीच्या तारखेपासून सुरुवात करतो, ते पुरेसं नसतं. कधी कधी चाळीस वर्षं मागे जाऊन एखादा अर्ज वाचावा लागतो.

इथे थांबू या.